जनुकाच्या कामाला व्याख्या हवी, पुरावाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमक्या आजाराचे जनुक सापडले’ अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येतात. बातमीत जनुकाचे नाव असते, संस्थेचे नाव असते आणि मग एक वाक्य असते, ‘हे जनुक अमुक काम करते.’ त्या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न कोंबलेले असतात. शिवाय ते कशाच्या जोरावर म्हटले आहे, हे कुठेच येत नाही. विद्यापीठांतल्या प्रकल्प-अहवालांत आणि शोधनिबंधांतही हीच उणीव दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहोत. जनुकांची कामे सगळ्या जगाने एकाच शब्दांत लिहावीत यासाठी गेली पंचवीसहून अधिक वर्षे एक सामायिक शब्दसंग्रह चालवला जात आहे. त्याचे नाव जीन ऑन्टॉलॉजी, बोलताना नुसते ‘जीओ’. तो सर्वांना मोफत आणि खुला आहे, आणि जैवमाहितीशास्त्र शिकणाऱ्या मुलांचा त्याच्याशी कधी ना कधी संबंध येतोच. पण वापरताना त्यातले शब्द तेवढे उचलले जातात. शब्दाला जोडलेली व्याख्या आणि नोंदीला जोडलेला पुरावा मागेच राहतो, आणि सगळी किंमत तर त्या दोन गोष्टींचीच आहे.

बीआरसीए१ हे नाव आता पुष्कळ वाचकांच्या ओळखीचे आहे. ‘स्तनाच्या कर्करोगाचे जनुक’ अशीच त्याची ओळख करून दिली जाते. कर्करोग घडवणे हे त्या जनुकाचे काम नाही. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर ती तूट नीट सांधण्यात त्याचे प्रथिन भाग घेते. जनुकात बिघाड झाला की दुरुस्ती कच्ची राहते, चुका साचत जातात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. जीओमध्ये ‘स्तनाचा कर्करोग’ असा शब्दच नाही आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही. धडधाकट पेशीत जनुक काय करते एवढेच तिथे नोंदवतात. आजारांचा शब्दसंग्रह वेगळा आहे, लक्षणांचाही वेगळा आहे. ही वाटणी बातमीदारांनी एवढी एक ध्यानात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटेल.

असा शब्दसंग्रह करण्याची वेळ का आली, ते जनुकांच्या नावांकडे पाहिले की कळते. पेशीने विभाजन केव्हा करायचे हे ठरवणारे एक विकर (एन्झाइम) आहे. पॉम्बे नावाच्या यीस्टमध्ये त्याच्या जनुकाचे नाव सीडीसी२, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सीडीसी२८, माणसात सीडीके१. तिन्हींचे काम एकच. माणसाचे जनुक पॉम्बेत घातले तर तिथले बिघडलेले काम ते सावरते, हे १९८७ मध्ये पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. या विषयावरच्या कामासाठी नर्स, लेलँड हार्टवेल आणि टिम हंट यांना २००१ चे नोबेल मिळाले. आता गंमत अशी, की पावाच्या यीस्टमध्येही सीडीसी२ नावाचे एक जनुक आहे. पण ते भलतेच आहे. ते डीएनएची प्रत काढणाऱ्या एका पॉलिमरेजचे आहे. म्हणजे इथे एका कामाला तीन नावे झाली आणि एका नावाची दोन कामे झाली. संगणकावर नुसते ‘सीडीसी२’ शोधणाऱ्याच्या हाती काय लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

एका जिवाचा जनुकसंच वाचून होत होता तोवर हे निभावले. १९९६ मध्ये यीस्टचा संपूर्ण जनुकसंच हाती आला, १९९८ मध्ये एका सूत्रकृमीचा, २००० मध्ये फळमाशीचा. प्रत्येक जिवाचा माहितीसाठा आपापल्या शब्दांत कामे लिहीत होता. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर या तिघांचे माहितीसाठे सांभाळणारी मंडळी एकत्र आली आणि जीओचे काम सुरू झाले. केंब्रिजचे मायकेल अ‍ॅशबर्नर हे त्यातले एक प्रमुख. २००० साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये त्याची रीतसर ओळख प्रसिद्ध झाली. नंतर वनस्पती, कृमी, जिवाणू यांचे माहितीसाठेही येऊन मिळाले.

या मंडळींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ‘काम’ या शब्दाची तीन प्रश्नांत फोड. रेणूच्या पातळीवर प्रथिन नेमके काय करते, ते कोणत्या मोठ्या प्रक्रियेत भाग घेते, आणि पेशीत कुठे असते. सायटोक्रोम सी हे प्रथिन घेऊ. ते इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याला देते, हे त्याचे रेणूपातळीवरचे काम (जीओ:०००९०५५, हा त्या कामाच्या शब्दाचा जीओतला क्रमांक). ही देवघेव पेशीश्वसनाच्या प्रक्रियेसाठी चालते. जागा म्हणाल तर तंतुकणिकेच्या दोन आवरणांमधली पोकळी (जीओ:०००५७५८). पण पेशीवर मोठे संकट आले की तेच सायटोक्रोम सी तंतुकणिकेबाहेर पडते, बाहेरच्या एका प्रथिनाला चिकटते आणि पेशीच्या नियोजित मृत्यूची साखळी सुरू होते (जीओ:०००६९१५). प्रथिन एकच, पण जागा बदलली की प्रक्रिया बदलली. ‘सायटोक्रोम सीचे काम काय?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस यातले काहीतरी गाळणारच. म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी नोंदवायची, आणि एका प्रश्नाला दोन-चार उत्तरे असतील तर तीही सगळी नोंदवायची.

रेणूपातळीवरच्या कामांच्या इंग्रजी नावांमागे बहुधा ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ असा शब्द जोडलेला दिसतो. मुलांना तो फुकाचा भरणा वाटतो. हेक्सोकायनेज हे एक प्रथिन आहे. ग्लुकोजसारख्या शर्करेवर फॉस्फेट चढवणे ही त्याची क्रिया. संग्रह क्रियांचा आहे, प्रथिनांचा नाही, हे विसरू नये म्हणून ती पुरवणी आहे. ती गाळली की वस्तू आणि कृती एकमेकींत मिसळतात.

आता शब्दाची घडण पाहू. जीओमधल्या प्रत्येक शब्दाला सात आकडी क्रमांक असतो, नाव असते, संदर्भासह व्याख्या असते, इतर शब्दांशी नाती असतात आणि, असतील तर, समानार्थी शब्द असतात. नियम कडक आहे. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, व्याख्येचा अर्थ बदलला तर मात्र नवा क्रमांक घ्यावा लागतो. चुकीचा ठरलेला शब्द पुसून टाकत नाहीत. तो बाद केल्याची खूण करून जागेवरच ठेवतात, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या निबंधातला क्रमांक आजही सापडतो. तो क्रमांक दुसऱ्या कशालाही पुन्हा देत नाहीत. म्हणजे मुख्य चीज क्रमांक आणि व्याख्या, नाव हे केवळ हाक मारण्यापुरते.

समानार्थी शब्दांचेही चार प्रकार ठेवले आहेत: तंतोतंत त्याच अर्थाचा, जास्त व्यापक, जास्त संकुचित आणि नुसता संबंधित. हे चार प्रकार कशाला, असे कुणी विचारले तर आम्ही ‘शीर’ हा मराठी शब्द पुढे करतो. ‘मानेची शीर दबली’ म्हणताना आपल्याला चेतातंतू म्हणायचा असतो. ‘हातावर शिरा दिसतात’ म्हणताना रक्तवाहिन्या. ‘पायाची शीर आखडली’ म्हणताना स्नायू किंवा त्याला हाडाशी बांधणारा कंडरा. बोलताना काही अडत नाही, समोरचा संदर्भाने समजून घेतो. संगणकाला संदर्भ कळत नाही. त्याला सांगावे लागते, की चेतातंतू, रक्तवाहिनी आणि कंडरा या तीन वेगळ्या संकल्पना आहेत, त्यांचे तीन क्रमांक आहेत, आणि ‘शीर’ हा तिन्हींचा व्यापक समानार्थी शब्द आहे. इंग्रजीतल्या ‘बड’ या शब्दाने जीओवाल्यांना हाच त्रास दिला. यीस्टच्या पेशीला फुटणारा फुगवटा, झाडाची कळी आणि हिरडीत तयार होणारा दाताचा अंकुर या तिन्हींना इंग्रजीत तो एकच शब्द आहे. त्यांची जनुके एका शब्दाखाली आली असती तर यीस्ट, गुलाब आणि उंदराचा दात एका रांगेत बसले असते.

शब्दांची एकमेकांशी असलेली नाती हा सर्वांत नाजूक भाग. ‘अमुक हा तमुकचा एक प्रकार आहे’, ‘अमुक हा तमुकचा भाग आहे’, ‘अमुक तमुकचे नियंत्रण करते’ अशी नाती असतात आणि एका शब्दाचे आईबाप एकाहून अधिक असू शकतात. जनुक खालच्या शब्दाला जोडले की वरचे सगळे शब्दही त्याला आपोआप लागू होतात. म्हणून नियम असा, की कुठल्याही शब्दापासून वर जाणारी प्रत्येक वाट खरी असली पाहिजे. हा नियम कसा मोडतो ते कायटिनच्या उदाहरणावरून नेहमी शिकवतात. कीटकाच्या कडक बाह्य आवरणात कायटिन असते, म्हणून ‘कायटिनचे चयापचय’ हे ‘बाह्य आवरण तयार होणे’ याचा भाग म्हणून मांडले, तर फळमाशीपुरते सगळे ठीक चालते. पण यीस्टच्या पेशीभित्तिकेतही कायटिन असते. यीस्टचे जनुक त्याच शब्दाला जोडले, की यीस्टला बाह्य आवरण आहे असे संगणक सांगू लागतो. जोडणारा बरोबर, शब्दही बरोबर, चूक वरच्या वाटेत. उपाय असा, की ‘कायटिनचे चयापचय’ हा शब्द दोन्हींपासून मोकळा ठेवायचा आणि त्याच्याखाली दोन नवे शब्द करायचे: बाह्य आवरणातल्या कायटिनचे चयापचय आणि पेशीभित्तिकेतल्या कायटिनचे चयापचय. मग ज्याची त्याची वाट ज्याच्या त्याच्याकडे जाते. याच्या जोडीला कुठला शब्द कोणत्या जीवगटात चालेल याचेही निर्बंध घातलेले असतात. ‘दुग्धस्रवण’ सस्तन प्राण्यांपुरतेच. हा निर्बंध नसता तर जनुकांच्या साधर्म्यावरून चालणाऱ्या आपोआप नोंदींतून कोंबडीच्या जनुकालाही ते चिकटले असते.

शब्दसंग्रह हा झाला एक भाग. दुसरा भाग म्हणजे नोंद, ज्याला सगळे अ‍ॅनोटेशन म्हणतात. शोधनिबंध वाचून ‘अमुक जनुक, अमुक शब्द, अमुक निबंध, अमुक पुरावा’ अशी ओळ तयार करायची. हे काम करणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. प्रचलित नमुन्यातल्या फायलीत प्रत्येक नोंदीला १७ रकाने असतात. त्यातला सातवा रकाना पुराव्याच्या संकेताचा, आणि आमच्या मते सगळ्या फायलीत मोलाचा तोच. ‘आयडीए’ म्हणजे प्रयोगात थेट पाहिले. ‘आयएमपी’ म्हणजे जनुक बिघडवून परिणाम पाहिला. ‘आयपीआय’ म्हणजे दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात असे दिसले. ‘आयएसएस’ म्हणजे क्रमवारीच्या साम्यावरून माणसाने ठरवले. ‘आयबीए’ म्हणजे वंशवृक्षात पूर्वजाचे काम ठरवून ते वंशजांना लावले. ‘आयईए’ म्हणजे संगणकाने नियमाने लावले, ती नोंद कुणी एकेक तपासलेली नाही. ‘एनडी’ म्हणजे क्युरेटरने शोधून पाहिले, काही सापडले नाही. जगभरच्या सगळ्या जिवांच्या नोंदी मोजल्या तर बहुसंख्य ‘आयईए’ आहेत. त्या टाकाऊ मुळीच नाहीत. ज्या जिवावर कुणी प्रयोगच केलेला नाही, त्याच्यासाठी तेवढाच आधार असतो. पण प्रयोगात पाहिलेले आणि नियमाने लावलेले एकाच मापाने मोजू नये.

चौथ्या रकान्याकडेही लक्ष हवे. तिथे कधीकधी ‘नॉट’ लिहिलेले असते. प्रथिनाची घडण कायनेजसारखी, म्हणजे फॉस्फेट चढवणाऱ्या विकरासारखी दिसते, सगळ्यांना वाटते ते कायनेजच असणार, आणि प्रयोगात मात्र ती क्रिया होत नाही. अशा वेळी ‘नाही’ ही नोंद मुद्दाम केली जाते. आठवड्याभराची खटपट करून कुणीतरी मिळवलेला तो नकार असतो. नवशिके विद्यार्थी फाइल वाचणारी आज्ञावली लिहिताना दुसरा आणि पाचवा रकाना, म्हणजे जनुक आणि जीओ क्रमांक, तेवढे उचलतात. चौथा सुटला की ‘नाही’चे ‘आहे’ होते. आणखी एक बारकावा आहे. होकार वरच्या दिशेने लागू होतो, तर नकार खालच्या. कायनेज नसेल ते प्रथिनांवर काम करणारे कायनेजही नसणार, पण प्रथिनांवर काम करत नाही म्हणून ते कायनेजच नाही असे म्हणता येत नाही. आणि जिथे नोंदच नाही, तिथे ‘हे जनुक ते काम करत नाही’ असा अर्थ कधीच काढू नये. अजून कुणी पाहिलेले नाही किंवा पाहिलेले नोंदवले गेलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

जनुक बिघडवून परिणाम पाहण्याच्या प्रयोगात एक सापळा असतो. वीज गेली की पिठाची गिरणी थांबते. तेवढ्यावरून दळण दळणे हे विजेच्या खांबाचे काम ठरत नाही. रायबोझोम म्हणजे पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना. त्याच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक बिघडवले तर हृदयाची वाढ खुंटेल, डोळ्याची खुंटेल, पंखाचीही खुंटेल. म्हणून ते ‘हृदयाच्या वाढीचे जनुक’ होत नाही. प्रक्रियेत प्रत्यक्ष भाग घेणे आणि प्रक्रियेच्या कुठेतरी आधी असणे यात फरक दाखवणारे शब्द आता चौथ्या रकान्यात लिहितात. बातम्यांमधली ‘बुद्धीचे जनुक’, ‘लठ्ठपणाचे जनुक’ ही विशेषणे बहुधा या फरकाकडे डोळेझाक करूनच आलेली असतात.

आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. ठरलेला साचा असा: प्रयोगातून बदललेल्या जनुकांची यादी मिळते, ती एखाद्या संकेतस्थळावर चिकटवायची, ‘अमुक प्रक्रिया लक्षणीय आहे’ असा तक्ता येतो, तो अहवालात लावायचा. यात तुलना कशाशी केली हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते. समजा, एकंदर २०,००० जनुके धरली आणि त्यातली २०० एका प्रक्रियेची आहेत. तुमच्या ३०० जनुकांच्या यादीत निव्वळ योगायोगाने त्यातली ३ यायला हवीत. आली १२. म्हणजे चौपट, मोठा शोध! पण ज्या ऊतीचा नमुना घेतला, तिथे मुळात ८,००० जनुकेच चालू होती आणि त्या २०० पैकी १६० त्यांत होती. आता योगायोगाचा आकडा ६ होतो आणि चौपटीचे दुप्पट होते. मेंदूच्या नमुन्यातून उचललेली कुठलीही यादी सगळ्या जनुकसंचाशी ताडली तर चेतापेशींच्या संदेशवहनाची प्रक्रिया वर येणारच. त्यात शोध काही नाही. म्हणून पार्श्वभूमी म्हणून प्रयोगात जी जनुके मोजता आली तीच द्यावीत. ज्या संकेतस्थळावर ती देण्याची सोय नसेल, ते वापरू नये.

त्याच तक्त्यातली पुढची चूक म्हणजे एकाच वेळी हजार प्रक्रिया तपासून योगायोगाच्या शक्यतेला ०.०५ (शंभरात पाच) ही मर्यादा लावणे. अशाने काहीही नसताना सरासरी ५० प्रक्रिया ‘लक्षणीय’ निघतील. अनेक तपासण्यांसाठीची दुरुस्ती केलेला आकडाच द्यायला हवा. शिवाय वरचे शब्द खालच्यांना पोटात घेत असल्याने तक्त्यातल्या दहा ओळी पुष्कळदा त्याच आठ-दहा जनुकांच्या असतात. त्या दहा स्वतंत्र निष्कर्षांसारख्या मांडू नयेत. ‘आयईए’ नोंदी काढून तोच हिशेब पुन्हा करून पाहावा. निष्कर्ष टिकला तर ठीक, नाही टिकला तर ते अहवालात लिहावे. आणि जीओची आवृत्ती लिहिल्याशिवाय हा तक्ता कुणाला पुन्हा करून पाहता येत नाही. आवृत्ती तारखेने ओळखतात, जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एक तारीख लिहायला काहीच कष्ट नाहीत. काही संकेतस्थळे वर्षानुवर्षे जुन्याच नोंदींवर चालत राहतात. तिथल्या ‘आमच्याविषयी’ पानावर शेवटची तारीख आधी पाहावी. मार्गदर्शक आणि परीक्षकांना आमची कळकळीची विनंती आहे, की पार्श्वभूमी, आवृत्ती, पुराव्याचे संकेत आणि दुरुस्त केलेला आकडा या चार गोष्टी नसलेला तक्ता मान्य करू नये.

एक्सेलविषयीही सांगायलाच हवे. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशा नावांच्या जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा होत. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. जीओ क्रमांकाचेही असेच होते. पुढचा ‘जीओ:’ काढून नुसते आकडे ठेवले की सुरुवातीची शून्ये उडतात आणि ०००९०५५ चे ९०५५ होते. स्तंभ आधी ‘मजकूर’ या प्रकारात ठेवावा, मग आकडे चिकटवावेत.

शोधनिबंध लिहिणाऱ्या मंडळींकडून क्युरेटरची अपेक्षा अगदी साधी असते. जनुक कोणत्या जिवाचे, हे स्पष्ट लिहावे. ‘मानवी पेशींत अमुक प्रथिन घातले’ एवढेच लिहिलेले असते. घातलेले जनुक माणसाचे होते, उंदराचे होते की घुशीचे, याचा पत्ता लागत नाही. पूरक फायली, जुने निबंध, प्लास्मिडची (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या वेटोळ्याची) वंशावळ असे धुंडाळत तास जातात आणि पुष्कळदा शेवटी नोंद सोडून द्यावी लागते. चांगला प्रयोग मग माहितीसाठ्यात येतच नाही. साहित्य आणि पद्धती या भागात प्रत्येक प्रथिनाचा युनिप्रॉट (प्रथिनांचा जागतिक माहितीसाठा) क्रमांक, जिवाचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि वाण लिहिला तर हे टळते. पॉम्बे यीस्टच्या माहितीसाठ्याने तर ‘कँटो’ नावाचे साधन करून निबंधाच्या लेखकांनाच नोंदी करायला बोलावले, आणि लेखक त्या करतातही. आपला प्रयोग काय दाखवतो हे लेखकाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

हवा तो शब्दच जीओमध्ये नसेल तर तो मागता येतो. गिटहब या संकेतस्थळावरच्या जीओच्या पानावर विनंती टाकायची. सुचवलेले नाव, एका वाक्यात व्याख्या, तो कोणत्या शब्दाखाली बसेल, समानार्थी शब्द आणि आधार असलेल्या निबंधाचा पबमेड (जैववैद्यकीय निबंधांची सूची) क्रमांक द्यायचा. व्याख्या लिहिताना आधी जात, म्हणजे तो कशाचा प्रकार, ते सांगावे, मग त्या जातीतल्या इतरांपासून तो वेगळा कशाने, ते सांगावे. ज्या शब्दाची व्याख्या करायची तोच शब्द व्याख्येत फिरवून वापरू नये. भारतात अभ्यासल्या जाणाऱ्या जिवांविषयी असे शब्द मागण्यात आपण संकोच करतो, त्याचे काही कारण नाही.

आता मराठीकडे येतो. शालेय पुस्तकात पेशी, विश्वकोशात कोशिका. इकडे ऊती, तिकडे ऊतक. कुठे जनुक, कुठे जीन. कुठे गुणसूत्र, कुठे रंगसूत्र. त्यात हिंदी पुस्तक हाती आले की ‘पेशी’चा अर्थ स्नायू होतो. कोणता शब्द शुद्ध यावर वाद घालण्यात पुष्कळ शक्ती जाते. आमचे म्हणणे असे, की संकल्पनेला क्रमांक आणि मराठीत व्याख्या द्यावी, मग पेशी आणि कोशिका हे दोन्ही शब्द तंतोतंत समानार्थी म्हणून खुशाल नांदू द्यावेत. विद्यार्थी कुठूनही आला तरी त्याच व्याख्येशी पोचेल. परिभाषाकोशांत इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द असतो, पण व्याख्येविना नुसत्या जोडीने अर्थ पक्का होत नाही.

याचा अगदी व्यवहारातला उपयोग शेतीसंशोधनात आहे. पिकांच्या गुणधर्मांसाठी क्रॉप ऑन्टॉलॉजी नावाचा असाच शब्दसंग्रह आहे. ज्वारी, हरभरा, भुईमूग, तूर यांच्यासाठी हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. तिथे प्रत्येक मोजमापाचे तीन भाग करतात: गुण, मोजण्याची पद्धत आणि एकक. प्रक्षेत्राच्या वहीत ‘फुलोरा: ७२ दिवस’ असे लिहिलेले असते. ते दिवस पेरणीपासून मोजले की उगवणीपासून? पहिल्या ताटाला फुलोरा आला तेव्हा की निम्म्या ताटांना? ज्वारीच्या कणसात फुले वरून खाली उमलत जातात, त्याला काही दिवस लागतात. मग शेंडा फुलला तेव्हा की अर्धे कणीस फुलले तेव्हा? एका केंद्राने एक धरले आणि दुसऱ्याने दुसरे, तर चार-पाच दिवसांचा फरक मोजण्यातच पडतो. लवकर फुलोरा आणणाऱ्या एखाद्या जनुकाचा परिणामही तेवढाच असू शकतो. मग दोन्ही केंद्रांचे आकडे एकत्र केले की जनुकाचा परिणाम बुजून जातो, किंवा नसलेला दिसू लागतो.

ज्वारीच्या अवस्थांना आपल्या शेतकऱ्यांकडे नेमके शब्द आधीच आहेत. पोटरीत येणे म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात आहे आणि ताट तिथे फुगले आहे. निसवणे म्हणजे कणीस त्यातून बाहेर पडले. फुलोरा त्यानंतरचा, आणि या दोहोंची गल्लत वह्यांमध्ये सर्रास होते. मग दाणा चिकात येतो, दाबला की दुधासारखा रस निघतो. मग हुरडा, म्हणजे दाणा भरला आहे पण अजून कोवळा आहे, हातावर चोळला की सुटतो. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांनी ठरवले तर या पाच शब्दांच्या व्याख्या एका बैठकीत लिहून होतील: ताटांचे प्रमाण किती, कणसाचा कोणता भाग पाहायचा, दिवस कुठून मोजायचे. त्या व्याख्यांसमोर क्रॉप ऑन्टॉलॉजीतला जवळचा क्रमांक लिहावा, नेमका अर्थ जुळत नसेल तर नवा क्रमांक मागावा, आणि हे पान प्रत्येक प्रक्षेत्र-वहीच्या पहिल्या पानावर छापावे. येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी हे होऊ शकते.

आपले,
जनुकमाहिती-संकलनाचे काम करणारे काही वाचक,
पुणे